जहाज्याचं कडवं

जार्लथ मॅनियन स्टेजवर आला की पहिली दोन मिनिटं काही बोलतच नसे. डोक्यावरची हॅट काढायचा, ती ठेवायला जागा शोधायचा, खुर्चीकडे बघायचा, पियानोकडे बघायचा, पहिल्या रांगेत बसलेल्या फादरांच्या मांडीकडे मोठ्या आशेनं बघायचा, आणि शेवटी निराश होऊन हॅट पुन्हा डोक्यावर चढवायचा. एवढ्यावर हॉलभर हशा पिकायचा. यात इतकं हसण्यासारखं काय आहे, हे त्याच्या बायकोला, डेलियाला, चाळीस वर्षांत कळलं नाही. पण त्याच्या मागे ॲकॉर्डियन घेऊन बसलेली तीही रोज हसायची.

जार्लथ गॉलवेकडच्या आमच्या ट्यूम गावचा. बाप दूधडेअरीच्या गाडीवर ड्रायव्हर, आई चर्चमध्ये गाणारी. आईचा गळा पोराला मिळाला, आणि नकला करायची खोड कुणाची मिळाली ते कुणी कबूल केलं नाही. पंधराव्या वर्षी त्याला कापडदुकानात उमेदवारीला लावलं. दुकानाचा मालक हॅनली नाकात बोलायचा आणि पडद्याचं कापड मोजताना असा काही सुस्कारा टाकायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, आपण प्रेताचंच माप देतोय. एक दिवस जार्लथ तीन बायकांसमोर हुबेहूब हॅनली होऊन कापड मोजत होता आणि खरा हॅनली मागे उभा होता. मालक पोट धरधरून हसला, त्यानं डोळे पुसले आणि पोराला कामावरून काढून टाकलं.

"तुझ्यात गुण आहे रे," तो म्हणाला, "पण दुकान माझं आहे."

मग जार्लथ एका फिरत्या नाटकमंडळीत शिरला. ही मंडळी लॉरीत पडदे घालून गावोगाव जायची आणि आठवडाभर रोज एक नाटक करायची, रोज निदान एक खून. जार्लथला प्रेताची कामं मिळायची. एकदा प्रेताला शिंक आली. लोक इतके हसले की मंडळीच्या मालकानं दुसऱ्या दिवसापासून त्याला दोन अंकांच्या मध्ये दहा मिनिटं दिली. त्या दहा मिनिटांत तो आठ मिनिटं लोकांना हसवायचा आणि उरलेल्या दोन मिनिटांत एक जुनं विरहाचं गाणं असं गायचा की हसणाऱ्यांना रुमाल शोधावे लागायचे. दोन वर्षांत लोक खुनापेक्षा मधल्या वेळासाठी यायला लागले.

तिथेच डेलिया भेटली. बॅलिनरोबच्या बेकरीवाल्याची ती मुलगी, ॲकॉर्डियन वाजवायला आली होती. तिची आई म्हणाली, "विदूषकाशी लग्न करतेस? ही माणसं घरी आली की तोंडं पाडून बसतात, सांगून ठेवते." आईचं अर्धं खरं निघालं. जार्लथ घरी गप्पच असायचा, पण ते गप्प बसणं डेलियाला फार आवडायचं. लग्न झाल्यावर दोघांनी मंडळी सोडली, एक जुनी फोर्ड घेतली आणि आपलाच कार्यक्रम सुरू केला.

त्याचं नाव झालं ते गावाच्या गाण्यामुळे. कार्यक्रम ज्या गावात असेल तिथे तो दुपारी बारालाच पोचायचा. आधी न्हाव्याकडे दाढी, मग पबमध्ये एक ग्लास, मग पोस्टात एक तिकीट. प्रत्येक ठिकाणी गप्पा काढायच्या आणि गावात कुणाचं काय चाललंय ते ऐकून ठेवायचं. चारच्या सुमाराला गाडीत बसून तो कडवी जुळवायचा आणि डेलिया ती सिगारेटच्या पाकिटावर लिहून घ्यायची. चाल नेहमीची एकच. रात्री स्टेजवर पंधरा-वीस कडवी, प्रत्येकात गावातल्या एकाची खेचलेली. कुणाची सायकल, कुणाचा घोडा, कुणाचं नवं कुंपण. ज्याचं नाव यायचं तो लाजून लाल व्हायचा आणि वर्षभर मिरवायचा. ज्याचं यायचं नाही त्याची बायको दुसऱ्या दिवशी पोस्टात विचारायची, "आमच्यात काय कमी होतं?"

यालाही नियम होते. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल ते घर सोडायचं. जिचं लग्न जमायचं चाललंय तिचं नाव घ्यायचं नाही. आणि कुठलीही गोष्ट तीन तोंडांतून ऐकल्याशिवाय गाण्यात घालायची नाही. हा शेवटचा नियम जार्लथनं एकदाच मोडला.

ते साल होतं सत्तावन्न. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. त्या दिवसांत गावोगावचे नाचाचे हॉल बंद, बँडवाले सगळे इंग्लंडला पळालेले. नाचायला बंदी, पण बसून हसायला नाही. त्यामुळे जार्लथचा खरा हंगाम तोच. टिपररीच्या डोंगरातल्या किलकॅशल गावी त्याचा कार्यक्रम होता. वाटेत गाडीचा पट्टा तुटला आणि पोचायला चार वाजले. पबला कुलूप, पोस्ट बंद व्हायच्या बेतात. न्हावी तेवढा सापडला.

किलकॅशलमध्ये जवळजवळ सगळे रायन. न्हावी रायन, पोस्टमन रायन, फादरसुद्धा रायन. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव. न्हाव्यानं दाढी करता करता सगळी घडाघडा सांगितली: "रायन टोपीवाला, रायन लाल्या, रायन गवंडी, आणि वर डोंगरात थेडी रायन जहाज्या."

"जहाज्या?" जार्लथचे कान टवकारले. "इथून समुद्र किती लांब?"

"साठ मैल."

"मग जहाज्या कशावरून?"

"असंच म्हणतात," म्हणत न्हाव्यानं साबण पुसला.

आमच्या गॉलवेकडे टोपणनाव तोंडावर घेतात. माणूस त्याच नावाला ओ देतो, त्याच नावानं त्याला पत्रं येतात. जार्लथ त्याच हवेत वाढलेला. काही गावांत टोपणनाव फक्त पाठीमागे चालतं, ज्याचं आहे त्याच्यासमोर उच्चारलं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. डोंगरावर जहाज! असं आयतं हातात आल्यावर कुठला विनोदी गाणारा थांबेल?

रात्री हॉल खचाखच भरला होता. पोस्टमनच्या सायकलवर लोक हसले, गवंड्याच्या वाकड्या भिंतीवर हसले. मग जार्लथनं सूर लावला:

"डोंगरमाथ्यावर नांगर टाकून थेडी रायन जहाज्या,
गाईगुरांच्या पुढ्यात मारतो कप्तानाच्या गमज्या.
समुद्र आहे साठ मैलांवर, भरती येईल कधी?
थेडी म्हणतो, घाई कसली, गवत कापू आधी!"

कुणी हसलं नाही. डेलियाला आधी वाटलं, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मग तिनं बघितलं, तीनशे माणसं मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. चौथ्या रांगेत पन्नाशीचा एक उंच माणूस उठला, त्यानं टोपी घातली आणि शेजारच्या बाईचा दंड धरून तो बाहेर गेला. दाराचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. जार्लथनं कसंबसं शेवटचं गाणं म्हटलं. टाळ्या वाजल्या, पण मंत्र्याच्या भाषणाला वाजतात तशा.

पडद्यामागे फादर रायन आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते दमल्यासारखे दिसत होते.

"मॅनियन, तीस वर्षांमागे थेडी अमेरिकेला निघाला होता," ते म्हणाले. "तिकीट काढलं, पेटी भरली. आदल्या रात्री रीतीप्रमाणे सगळं गाव त्याच्या घरी जमलं. माणूस मेल्यावर जमतं ना, तसंच. परत दिसणार नाही म्हणून बायका धाय मोकलून रडल्या. सकाळी त्याला कोव्हच्या बंदराला पोचवलं. आणि चौथ्या दिवशी हा दारात उभा. बोट डोळ्यांनी बघितली आणि घाबरला. ज्याच्यासाठी रडून झालंय तो माणूस परत आला, तर त्याच्याशी बोलायचं काय? त्या दिवसापासून तो जहाज्या. पण त्याच्या तोंडावर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आज तू म्हणालास."

दुसऱ्या दिवशी सकाळी जार्लथ डोंगर चढून थेडीच्या घरी गेला. दार बंद होतं. त्या भागात दिवसा दार कुणी लावत नाही. त्यानं दोनदा ठोठावलं, बराच वेळ थांबला आणि खाली आला.

त्यानं गावाचं गाणं बंदच केलं. दोन वर्षं तो नुसत्या हॅटवर, नकलांवर आणि विरहाच्या गाण्यांवर कार्यक्रम करत राहिला. लोक सभ्यपणे हसायचे आणि जाताना डेलियाला विचारायचे, "आमचं गाणं नाही का म्हणणार?" पुढच्या वर्षी ते येत नसत. डेलियानं दोन वर्षं सहन केलं. मग एका सकाळी कांदे चिरता चिरता ती म्हणाली, "दुसऱ्यांना कशाला विचारतोस? ज्याचं नाव घ्यायचं त्यालाच विचार की!"

"त्यालाच विचारल्यावर त्यात गंमत काय राहिली?"

"विचारून तर बघ. तुला काय, सगळी अक्कल तुलाच दिलीय असं वाटतं!"

त्यानं विचारून बघितलं. आणि त्याला त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कळली. माणसाला स्वतःची खोड पुरती ठाऊक असते, आणि कुणी प्रेमानं विचारलं तर ती तो शेजाऱ्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगतो. "माझ्या घोड्याचं घालायचं तर बायकोला चावला ते घाला," म्हणायचे. "एवढंच नाही हो, आणखी ऐका." गावाचं गाणं पूर्वी झोंबायचं, आता ते माणसांच्या मांडीवर थाप मारल्यासारखं झालं. डब्लिनहून टेलिव्हिजनवाल्यांनी बोलावलं, आठ मिनिटं दिली आणि सांगितलं, "स्थानिक नावं नकोत." जार्लथनं आठ मिनिटं केली, बरी झाली. पुन्हा बोलावलं तेव्हा तो गेला नाही. "कॅमेऱ्याला शेजारी नसतात," म्हणाला. मला तो मोठा वाटतो तो यासाठी. हसवणारे पुष्कळ असतात, पण आधी दार ठोठावून मग हसवणारा मी दुसरा पाहिला नाही.

एक दार मात्र त्यानं पुन्हा ठोठावलं नव्हतं. थेडीला दोन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही. डेलियाला ते ठाऊक होतं, आणि उपासाचे दिवस आले की नवऱ्याची झोप कशानं उडते तेही ठाऊक होतं.

सहासष्ट साली किलकॅशलहून पत्र आलं. गावात नवे तरुण फादर आले होते. त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. हॉलच्या छपरासाठी कार्यक्रम हवा होता.

"नाही म्हणून कळवतो," जार्लथ म्हणाला.

"कळव," डेलिया म्हणाली. "आणि मग मरेपर्यंत असाच कूस बदलत राहा. मी दुसऱ्या खोलीत झोपते."

ते गेले. बारा वाजता गावात शिरले, पण न्हाव्याकडे थांबले नाहीत. सरळ डोंगर चढले. या खेपेला दार उघडं होतं. थेडी एकसष्ट वर्षांचा, वाकलेला, चुलीवर बटाटे उकडत होता. दोघांना बघून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"बसा, मिसेस," तो डेलियाला म्हणाला. "चहा देतो, पण साखर नाही. उपासात मी साखर सोडतो. नऊ वर्षं लागली होय रे तुला इथपर्यंत यायला?"

"एकदा आलो होतो," जार्लथ म्हणाला. "दार बंद होतं."

"नोनी येऊन रडत होती आत. माझी बहीण. रडणारी बाई पाहुण्याला कशी दाखवू?"

जार्लथनं हॅट काढली. "थेडी, मी तुमचा अपराधी आहे. तुम्हाला ते नाव माहीत नव्हतं आणि मी सगळ्यांसमोर..."

"माहीत नव्हतं? कोण म्हणालं?" थेडीनं बटाट्यात सुरी खुपसून बघितली. "पहिल्या आठवड्यात कळलं मला. बरंच वाटलं होतं."

पुढचं त्यानं बटाटे सोलता सोलता सांगितलं. डेलियानं ते बाहेर काढलं थेडी, नोनी आणि जार्लथ तिघंही गेल्यावर.

कोव्हच्या धक्क्यावर तो घाबरला नव्हता. बोटीत चढण्याआधी डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली आणि कागदावर फुली मारली. क्षय. त्या काळी ज्या घरात क्षय निघाला त्या घरातली मुलगी कुणी करत नसे. रस्त्यावरून जाताना लोक त्या दाराशी तोंडाला रुमाल लावत. नोनीचं लग्न शेजारच्या लूबींच्या थोरल्याशी ठरत होतं. थेडी साठ मैल चालत घरी आला, कारण चालता चालता विचार करायला वेळ मिळतो. दारात आल्यावर लोकांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, पाणी बघून भीती वाटली.

"दोन वर्षं गोठ्याच्या माळ्यावर झोपलो," तो म्हणाला. "नोनी लग्नानंतरही शेजारून येऊन शिडीवर ताट ठेवून जायची. लोक म्हणाले, लाजेनं तोंड लपवतोय. म्हणेनात का. जोवर जहाज्या म्हणत होते तोवर दुसरं काही म्हणत नव्हते. डोंगरातली हवा लागली, देवाची इच्छा, छाती सुधारली. तोवर नोनीला दोन मुलं झाली होती."

डेलियानं कप खाली ठेवला.

"मग त्या रात्री उठून का गेलात?" जार्लथनं विचारलं.

"माझ्यासाठी नाही उठलो. उठत होती नोनी. तुझं कडवं ऐकून ती सगळ्या गावासमोर खरं सांगायला निघाली होती. तिचा नवरा, सासू, सगळे त्याच रांगेत. तिला बाहेर नेलं नसतं तर तिचं घर मोडलं असतं."

"आता तरी सांगू द्या," जार्लथ म्हणाला. "आता त्याला औषध आहे. तुमच्यावरचा डाग..."

"चाळीस वर्षं लूबींना फसवलं, हे ऐकायला तिला लावू? या वयात?" थेडी पहिल्यांदा चिडला. "आणि डाग कसला? डाग नाही, पांघरूण आहे ते. मला तुझ्याकडून निराळं हवंय. त्या रात्रीपासून गाव माझ्याशी बोलत नाही. म्हणजे नमस्कार होतात, हवापाण्याचं बोलणं होतं. पण मी दुकानात शिरलो की सगळे गप्प. आपण तीस वर्षं पाठीमागे काय म्हणत होतो ते याला कळलं, म्हणून त्यांना तोंड वर करवत नाही. नऊ वर्षांत एका माणसानं माझी चेष्टा केलेली नाही, मॅनियन. ज्याची कुणी चेष्टा करत नाही तो जिवंत आहे की नाही, हे त्याचं त्याला तरी कसं कळावं?" त्यानं बटाटे ताटात काढले. "आज माझं कडवं म्हण. आणि नीट म्हण. गेल्या खेपेचं फार पुळचट होतं."

चारला दोघं गाडीत बसले. डेलिया पाकिटावर लिहीत होती. जार्लथ एक ओळ सांगायचा आणि गाल पुसायचा. खोटं कडवं जुळवताना त्याला इतका त्रास झालेला तिनं पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"नाही जमायचं मला," तो म्हणाला. "त्याला भित्रा म्हणू? त्याला?"

"त्यानं सांगितलंय तेवढं करायचं," डेलिया म्हणाली. "विचारायला गेलास ना? मग आता ऐक."

हॉल भरला. चौथ्या रांगेत थेडी, त्याच्या शेजारी काळ्या कोटात, डोकं पांढरं झालेली नोनी. गावाचं गाणं सुरू झालं, लोक मोकळे झाले. आणि मग जार्लथनं सरळ चौथ्या रांगेकडे बघत आवाज लावला:

"गावानं रडून निरोप दिला, पाव भरले पेटीत,
चौथ्या दिवशी जहाज्या परत, त्याच घोडागाडीत!
म्हणाला, बाबांनो, बघून आलो, पाणी फारच खोल,
अमेरिकेलाच इकडं बोलवा, पृथ्वी आहे गोल!"

तोच सन्नाटा. तीनशे माना खाली. नवे फादर गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले.

"घोडागाडी नव्हती!" चौथ्या रांगेतून थेडी ओरडला. "चालत आलो होतो!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"साठ मैल! आणि बूट होते थोरल्या भावाचे, एक नंबर लहान!"

मग मात्र हॉल फुटला. लोक बाकांवर हात आपटत होते, एकमेकांच्या खांद्यावर पडत होते. मागच्या रांगेतून पोस्टमन पुढे झुकला आणि त्यानं थेडीच्या पाठीत असा रट्टा घातला की त्याची टोपी उडाली. "अरे जहाज्या! लेका जहाज्या!" एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा गावातल्या कुणीतरी ते त्याच्या तोंडावर म्हटलं. थेडी डोळे मिटून हसत होता.

आणि नोनी उठली. तिचे ओठ हलत होते. ती लूबींच्या रांगेकडे वळली. स्टेजवरून डेलियाला स्वच्छ दिसलं, आता ही सांगणार. जार्लथलाही दिसलं, तो जागच्या जागी थिजला. थेडीनं मान वळवली नाही, हसणं थांबवलं नाही. नुसता हात वर करून त्यानं बहिणीचं मनगट पकडलं आणि तिला हळूच खाली बसवलं. नोनी बसली. दोन्ही हातांत तोंड लपवून ती गदागदा हलायला लागली. शेजारच्या बाईला वाटलं, ही हसून हसून बेजार झालीय, आणि तिनं तिच्या पाठीवर थोपटलं.

जार्लथ अजून हललेला नव्हता. डेलियानं त्याची वाट बघितली नाही. तिनं ॲकॉर्डियनचा भाता होता तेवढा ताणला आणि पुढच्या कडव्याची चाल भसाड्या मोठ्या आवाजात सुरू केली, म्हणजे नोनीचा हुंदका लूबींच्या रांगेपर्यंत जाऊ नये.